दांड्याखाली सोडलेली दोन बोटं जागा

मी पाट्या रंगवतो. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, 'येथे थुंकू नये'च्या. पण गेली सहा वर्षं माझं पोट चाललंय ते गावोगावच्या छोट्या संग्रहालयांवर. आमच्या ह्या डोंगराळ भागात कुठून हे खूळ शिरलं कोण जाणे, प्रत्येक गावाला स्वतःचं संग्रहालय पाहिजे. बंद पडलेली डेअरी, शाळेची जादा खोली, जुनं पोस्ट, काहीही चालतं. आत शिरलं की डावीकडे कंदील, उजवीकडे तराजू, मध्ये काचेच्या पेटीत कुणाच्या तरी आजोबांचा चष्मा. अशी अकरा संग्रहालयं मी पाहिली आहेत आणि अकराही ठिकाणी एकच पाटी लिहिली आहे : 'पूर्वीचे लोक कष्टाळू होते व गुण्यागोविंदाने राहत.'

माझं डोकं सणकतं ते इथेच. भिंतीवर कोयते, कुऱ्हाडी, पहारी ओळीने टांगलेल्या, आणि शंभर वर्षांत कुणी कुणाचं डोकं फोडलं नाही? 'धोपटणे. कपडे धुण्यासाठी' असं मी पाच गावांत लिहिलंय. माझ्या बापाने आमच्या घरच्या धोपटण्याने आईचा हात मोडला होता. ते कुठल्या पाटीवर लिहायचं? पण मला काय, जो कागद हातात देतील तो उतरवायचा. अक्षर माझं, मजकूर गावाचा. खरं लिहायची वेळ एकदाच आली आणि तीही माझ्या हिमतीने नाही, किल्लीमावशींच्या हिमतीने.

किल्लीमावशी म्हणजे खालच्या गावच्या संग्रहालयाच्या राखणदार. कमरेला दीड मूठभर किल्ल्यांचा जुडगा, त्यातल्या निम्म्या किल्ल्यांची कुलपं कधीच भंगारात गेलेली. मी विचारलं, "मावशी, ह्या कशाला वागवता?" तर म्हणाल्या, "आवाज होतो ना. आठवड्याला तीन माणसं येतात बघायला. त्यांना वाटलं पाहिजे आत काहीतरी आहे."

वय साठीला टेकलेलं, बांधा काटकुळा, जीभ तिखट. संग्रहालय पाटाच्या जुन्या चौकीत होतं, गावाच्या टोकाला, कालव्याला लागून. दोन खोल्या. पूर्वी इथे पाटकरी बसायचा. कोणाच्या शेताला कधी पाणी सोडायचं आणि कधी तोडायचं हे त्याच्या हातात. पुढे विजेवरची दारं आली, चौकी ओस पडली आणि गावाने तिचं संग्रहालय केलं. शेवटचा पाटकरी म्हणजे मावशींचा नवरा. तोच आता संग्रहालय समितीचा अध्यक्ष.

माझं काम बेचाळीस वस्तूंच्या नव्या पाट्यांचं होतं. शिवाय रेघा. ह्या भागातल्या संग्रहालयांत बघे लोक प्रत्येक वस्तू काढून हातात घेतात आणि भलत्याच खिळ्याला अडकवून जातात. म्हणून प्रत्येक वस्तूच्या कडेकडेने भिंतीवर रंगाची रेघ मारायची. करवतीची करवतीसारखी, विळ्याची विळ्यासारखी. वस्तू गेली तरी तिची जागा ओळखू येते. मावशी वस्तू भिंतीला दाबून धरायच्या, मी कुंचला फिरवायचो. "नीट धरा हो," मी खेकसायचो. "तुम्ही नीट फिरवा," त्या माझ्या वरताण. तीन दिवस आमचं असं छान चाललं.

चाळिसावी वस्तू आली आणि त्यांनी माझ्या हातातून कुंचला काढून घेतला.

"ह्याची रेघ मी ओढते."

तो लोखंडी दांडा होता. पाटाचं दार वर-खाली करायचा. हाताएवढा लांब, एका टोकाला काटकोनात वाकवलेला, दुसऱ्या टोकाला चौकोनी भोक. बाकी सगळ्या लोखंडाला दर वर्षी काळा रंग फासलेला, ह्याला मात्र नाही. हा आपला तांबूस, खरबरीत. मावशींनी अगदी सावकाश रेघ ओढली. रेघ माझ्यापेक्षा सरळ आली. समितीच्या कागदावर मजकूर होता : 'दांडा. पाटाचे दार उघडण्यासाठी. भेट : अध्यक्ष महोदय.' मी लिहायला वाकलो तर त्या म्हणाल्या, "ह्याची पाटी शेवटी. आणि मोठी करा. खाली दोन बोटं जागा कोरी सोडायची."

"कशाला?"

"सांगते."

पण त्या दिवशी सांगणं राहिलं, कारण पाटकरी आला. रोज चारच्या ठोक्याला यायचा. सत्तरीचा, पण मनगटं अजून बैलासारखी. डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे वाचता यायचं नाही. अंदाजाने मात्र सगळं दिसायचं त्याला. त्या दिवशी त्याला मागच्या खोलीचं कपाट उघडायचं होतं. मावशींना किल्ली पटकन सापडेना. "अडतीस वर्षं झाली लग्नाला, बाईला एक किल्ली सापडत नाही," असं तो मला हसत हसत म्हणाला, आणि हसता हसताच त्याने उलट्या हाताने मावशींच्या तोंडात मारली. दाताला लागून ओठ फाटला. रक्त हनुवटीवरून साडीवर ठिबकलं. मावशींनी ते पुसलंही नाही, किल्ल्या चाळत राहिल्या, सापडली तशी पुढे केली.

मी हातात कुंचला धरून उभा. चाळिशीतला धडधाकट पुरुष, पाय फरशीला खिळलेले. घरी जाऊन जेवलो आणि झोपलोसुद्धा. आजही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींचा ओठ सुजलेला होता. मी येताना औषधाची ट्यूब आणली होती. ती बघून त्या म्हणाल्या, "काल आणायची होती हिंमत. मलम काय, मिळतं कुठेही." मग मला स्टुलावर बसवलं आणि स्वतः दांड्यासमोर उभ्या राहून सांगायला लागल्या.

"तुम्ही वरच्या गावचं संग्रहालय रंगवलंत ना मागच्या महिन्यात? तिथे एका पोराचा फोटो आहे. कुरळे केस, शर्टाचं वरचं बटण उघडं."

होता. पाटी माझ्याच हातची : 'वय वर्षे एकोणीस. पाटाच्या दारावर पाय घसरून मृत्यू.'

"तो माझा धाकटा भाऊ. आणि पाय घसरला नव्हता."

मावशी वरच्या गावच्या. लग्न होऊन खालच्या गावात आल्या त्याला दोन वर्षं झाली होती, पाचवा महिना चालू होता. त्या साली पाऊस दडी मारून बसलेला, पाटात कमरेएवढंच पाणी आणि दोन गावांचं त्यावर भांडण. तीन दिवस वर, तीन दिवस खाली, अशी पाळी ठरली. चौथ्या दिवशी सकाळी पाटकरी दार फिरवायला गेला तर वरच्या गावची पोरं दारावर ठाण मांडून बसलेली. म्हणाली, आमचं निम्मं रान अजून कोरडं आहे, दार हलवू देणार नाही.

"मी ह्यांच्यासाठी चहाची किटली घेऊन चालले होते," मावशी म्हणाल्या. "वळणावरनं बघितलं. आधी शिव्या. मग वरनं दगड आला आणि सुताराचा कानच फाटून लोंबायला लागला. मग कोण थांबतंय? खालच्यांनी काठ्या काढल्या, कोयते काढले. एकाच्या हाताची तीन बोटं पाटाच्या कडेला पडलेली मी बघितली, आणि तो माणूस ती उचलायला वाकला तर त्याच्या पाठीत फावडं. पाण्यात ढकलून, वर येऊ न देता, डोक्यावर पाय देऊन उभे राहिलेले लोक मी बघितले. रोज माझ्या दारावरनं जाणारे. मला 'वहिनी' म्हणणारे."

त्यांचा आवाज यादी वाचल्यासारखा सपाट.

"माझा भाऊ दाराला मिठी मारून बसला होता. हातात काठी नाही, दगड नाही. नुसती मिठी. ह्यांनी दांडा दारातून उपसला. पहिला फटका खांद्यावर. हाड मोडल्याचा आवाज मला वळणापर्यंत आला. दुसरा डोक्यात. मिठी सुटली, तो पडला. आता संपलं होतं, पाटीवाले. दार मोकळं होतं. तरी ह्यांनी तिसरा मारला. पडलेल्याला. तोंडावर."

खिळ्यावर तिरका झालेला दांडा त्यांनी बोटाने सरळ केला.

"पहिला रागाचा धरू. दुसराही धरू. छत्तीस वर्षं मी एकच गोष्ट विचारत आलेय, तिसरा कशाला? हे उत्तर देत नाहीत. विचारलं की मार बसतो."

"आणि पोलीस?" मी विचारलं.

त्यांनी पहिल्यांदाच मान खाली घातली. "आले ना. मेलेले चार. तिघांना मारणाऱ्यांची नावं कुणी ना कुणी घेतली. माझ्या भावाला कोणी मारलं ते गर्दीत कुणाला धड दिसलं नव्हतं. मला दिसलं होतं. सासऱ्यांनी जबाबाच्या आदल्या दिवशी बजावलं होतं, पोटातलं लेकरू घेऊन कुठे जाशील ते ठरव. मी सांगितलं, पाय घसरला. अंगठा उठवला. सख्खी बहीण सांगते म्हटल्यावर माझ्या आईनेही मानलं. ती तेच मानून मेली."

मग कळलं की चौकीचं संग्रहालय होणार म्हटल्यावर राखणदारीसाठी पहिला अर्ज मावशींनीच का दिला. दांडा इथे येणार होता. नवऱ्याला वाटलं बायकोला आपल्या कामाचा अभिमान. दर वर्षी संग्रहालयांची फेरी निघते त्या दिवशी तो पाहुण्यांसमोर दांडा काढून हवेत फिरवून दाखवायचा, 'असं दार उघडायचो' म्हणून. मावशी बाजूला किल्ल्या वाजवत उभ्या राहायच्या. दहा वर्षं.

कमरेच्या पिशवीतून त्यांनी वहीचं पान काढलं. उशिरा शिकलेलं, ठळक, गोल अक्षर. नातीकडून शिकल्या होत्या, तेही एवढ्याच कामासाठी.

'दांडा. लोखंडी. पाण्याच्या भांडणात ह्याच्या तीन फटक्यांनी एकोणीस वर्षांचा मुलगा मेला. तो पाय घसरून पडला नाही. मारणारा पाटकरी, माझा नवरा. पाहणारी आणि खोटं सांगणारी मी, त्याची बहीण. तिसरा फटका का मारला :'

पुढे काही नव्हतं. दोन बोटं जागा उत्तरासाठी होती.

खरं सांगतो, मी टाळाटाळ केली. म्हटलं, मावशी, हा माणूस तुम्हाला जिवंत ठेवणार नाही. म्हटलं, समितीचा कागद वेगळा आहे, माझं काम जाईल. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "वरच्या गावची पाटी लिहिताना विचारलं होतंत का कोणाला, खरंच घसरला का म्हणून?" मी रंगाचा डबा उघडला आणि लिहायला बसलो. त्या पाटीइतकं चांगलं अक्षर मी आयुष्यात काढलेलं नाही.

फेरी रविवारी होती. सगळ्या गावांच्या संग्रहालयांचे लोक एका बसमध्ये बसून दिवसभर एकमेकांचे कंदील बघत हिंडतात, वाखाणतात, आपलाच बरा असं मनात म्हणत पुढच्या गावाला जातात. दहा वाजता बस आली. तीसेक माणसं, त्यात वरच्या गावच्या संग्रहालयाच्या मास्तरीणबाई. पाटकरी परीटघडीचा शर्ट घालून दारात. मी दोन खोल्यांच्या मधल्या दाराशी उभा होतो.

लोक पहिल्या खोलीतून दुसरीत आले. पाटकरी म्हणाला, "आता बघा, हे माझं हत्यार." दांड्याला हात घातला, खिळ्यावरून काढला आणि फिरवायला लागला. मास्तरीणबाईंना पाट्या मोठ्याने वाचायची सवय. फिरणाऱ्या दांड्यामागची पाटी त्यांनी वाचायला घेतली. पहिली ओळ नेहमीच्या ठणठणीत आवाजात वाचली. दुसऱ्या ओळीला आवाज चिरकला. पण बाई थांबल्या नाहीत, शेवटपर्यंत वाचलं.

दांडा हवेत थांबला.

"कोणी लिहिलं हे?" पाटकऱ्याने विचारलं.

"मी," मावशी म्हणाल्या.

त्याने पहिला घाव मधल्या काचेच्या पेटीवर घातला. काच फुटून सगळीकडे उडाली, एका म्हाताऱ्याच्या कपाळात घुसली, बायका किंचाळत दाराकडे पळाल्या. दुसरा त्याने मावशींवर उगारला. त्यांनी डोक्यावर हात आडवा धरला आणि फटका त्या हातावर बसला. तो हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. हात कोपराखाली भलतीकडेच वाकला. मावशी भिंतीला टेकल्या, पण खाली बसल्या नाहीत. चेहरा पांढराफटक.

"दोन झाले," त्या म्हणाल्या. "आता सांगा. तिसरा कशाला?" एवढं होऊनही त्यांच्या तोंडचं 'तुम्ही' सुटलं नव्हतं.

त्याने दांडा पुन्हा उचलला. ह्या वेळी माझे पाय सुटले. मी मागून त्याच्या कमरेला मिठी मारली आणि दोघेही काचांवर आदळलो. त्याने कोपराने माझा दात पाडला, मी त्याच्या मनगटावर गुडघा रोवून बसलो. मास्तरीणबाईंनी दांडा पायाने दूर लोटला आणि त्यावर उभ्या राहिल्या. तो माझ्याखाली धडपडत होता, तोंडाला फेस आलेला, आणि ओरडत होता. शिव्या, मग नुसताच आवाज, आणि मग ते.

"हाक मारत होता तो! ताई, ताई करत होता. गप बसेना. सगळं गाव बघायला लागलं असतं, तू कुठे उभी राहून बघतेयस ते. बंद करायला पाहिजे होतं ते तोंड!"

मावशी हळूहळू भिंतीवरून घसरत खाली बसल्या. मोडलेला हात मांडीवर घेतला.

"ऐकली होती मी हाक," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, मलाच एकटीला ऐकू आली. मी किटली धरून उभी राहिले. गेले नाही." आणि त्या रडायला लागल्या, तीस लोकांसमोर, तोंड न झाकता.

पोलिसांनी त्याला नेलं आणि दांडाही नेला. खटला चालू आहे, वय बघून त्याला जामीन मिळाला, तो मुलीकडे राहतो. समितीतल्या दोघा-तिघांनी पाटी काढायचा ठराव आणला होता, पण त्या रविवारी बसमधून आलेले लोक पुन्हा पुन्हा येऊन समोर उभे राहायला लागले. शेवटी ठराव मागे पडला. भिंतीवर आता दांडा नाही. मावशींनी ओढलेली रेघ आहे आणि खाली पाटी. कोऱ्या दोन बोटांत मी त्यांनी सांगितलेली ओळ भरली : 'तो बहिणीला हाक मारत होता म्हणून. बहीण गेली नाही.' शेवटचं वाक्य नको म्हणून मी पुष्कळ हुज्जत घातली. त्या बधल्या नाहीत.

प्लास्टर उतरायच्या आतच त्या म्हणाल्या, "मला वरच्या गावाला न्या." छत्तीस वर्षांत त्या तिकडे फिरकल्या नव्हत्या, आईच्या मयताचा अपवाद सोडला तर. मी स्कूटरवर मागे बसवून नेलं. घाटभर किल्ल्या वाजत होत्या.

मास्तरीणबाईंनी कुलूप काढून ठेवलं होतं. फोटोपुढे मावशी कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "ह्याचं वरचं बटण कधी लागायचंच नाही. मी लावून द्यायचे, हा काढायचा." मी पिशवीतून खरवडायची पट्टी काढली आणि 'पाय घसरून'वर टेकवली. दोनच महिन्यांपूर्वी लिहिलेलं, माझंच अक्षर, रंग अजून चकाकत होता.

मावशींनी माझं मनगट धरलं.

"अक्षर तुमचं असेल. शब्द माझे आहेत. मी काढते."

त्यांनी चांगल्या हाताने पट्टी घेतली आणि एकेक अक्षर खरवडायला लागल्या. त्यांना डाव्या हाताची सवय नव्हती, वेळ लागत होता. मी मदत करायला गेलो नाही. मास्तरीणबाईंनी खुर्ची आणून दिली, ती त्यांनी पायाने बाजूला केली. रंगाचा भुगा त्यांच्या प्लास्टरवर पडत होता आणि त्या अक्षरागणिक, फोटोकडे न बघता, हळूच म्हणत होत्या, "आले रे. आले."